आधी तुमचा रस्ता सांगा, मग गाडीचं बोलू

या वेळच्या पत्रांमध्ये एकाच जातीच्या गाडीबद्दल इतके प्रश्न आले आहेत की सदराची सगळी जागा त्यांनाच देते आहे. आकाराने हॅचबॅक, इंजिन दमदार, सस्पेन्शन घट्ट, आणि टाकीत डिझेल. पेट्रोलच्या हॉट हॅचसारखी, म्हणजे लहान पण वेगवान गाडीसारखी मजा पण ॲव्हरेज डिझेलचं, आणि वापरलेली घेतली की किंमतही आवाक्यात, असा सगळ्यांचा हिशेब आहे. हा हिशेब काही जणांचा अगदी बरोबर जुळतो आणि काही जणांचा साफ फसतो. फरक गाडीत कमी आणि रोजच्या रस्त्यात जास्त असतो, म्हणून उत्तरं देताना प्रत्येकाचा रस्ता आधी पाहिला आहे.

ताई, माझं ऑफिस घरापासून ४० किलोमीटर. त्यातले तीसेक किलोमीटर मोकळा हायवे. वर्षाला २०,००० किलोमीटर सहज होतात. सध्या साधी पेट्रोल हॅचबॅक आहे, लिटरला १६ देते. सात वर्षं जुनी, १,२०,००० किलोमीटर चाललेली फोक्सवॅगनची गोल्फ जीटीडी, म्हणजे डिझेल हॉट हॅच, पाहून ठेवली आहे. मालक म्हणतो १८ आरामात मिळतात. मित्र म्हणतात, जुनी डिझेल म्हणजे घरात खर्च आणून बांधणं. पैसे वाचवायचे म्हणून घ्यावी का?

तुमचा रस्ता या गाडीला शंभर टक्के जुळणारा आहे. पण तुमचं कारण जुळत नाही. दोन्ही नीट सांगते.

मालकाचा आकडा खोटा नाही. त्या पिढीच्या जीटीडीत २ लिटरचं १८४ पीएसचं इंजिन आहे, ३८० न्यूटन मीटर टॉर्क आहे, आणि २०१३ मध्ये ती आली तेव्हा मॅन्युअल गिअरच्या गाडीचा कागदावरचा आकडा १०० किलोमीटरला ४.२ लिटर, म्हणजे लिटरला जवळपास २४ होता. तो जुन्या पद्धतीच्या चाचणीतला आकडा, तो विसरून जा. हायवे जास्त आणि पाय हलका असेल तर १८ ही अपेक्षा रास्त आहे.

आता किलोमीटर-प्रति-लिटर बाजूला ठेवा आणि वर्षाचे लिटर मोजा. ॲव्हरेजचा आकडा फसवतो, लिटर फसवत नाहीत. २०,००० किलोमीटरला तुमची सध्याची गाडी १,२५० लिटर पेट्रोल पिते. जीटीडी १८ ने चालली तर १,१११ लिटर डिझेल. वर्षभरात वाचले किती? १३९ लिटर. बस. तुमच्याकडे डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त असेल तर फायदा थोडा वाढेल, महाग असेल तर तेवढाही उरणार नाही.

हा आकडा घेऊन ओळखीच्या मेकॅनिककडे जा आणि एकच विचारा: या गाडीचा क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे हादरे स्प्रिंगांनी शोषणारं जड चाक) एकत्र बदलायला मजुरीसकट किती? जी रक्कम सांगेल तिला डिझेलच्या दराने भागा. किती लिटर होतात ते बघा आणि मग त्यांना १३९ ने भागा. म्हणजे त्या एका कामाची भरपाई व्हायला किती वर्षं लागतील ते कळेल. शिवाय अशा गाड्यांचे टायर रुंद, कमी उंचीचे आणि महाग असतात, ब्रेक मोठे असतात, विम्याचा हप्ता साध्या हॅचबॅकपेक्षा वरचा असतो. नुसते पैसे वाचवायचे असतील तर सध्याच्या गाडीची सर्व्हिसिंग वेळेवर करा आणि ती चालवत राहा.

पण तुमच्या पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही आणखी एक वाक्य लिहिलं आहे, की ही गाडी घेतली नाही तर गोल्फचीच पेट्रोलवरची जीटीआय घेण्याचा मोह होतो आहे. मग मात्र हिशेब पूर्ण उलटा होतो. पेट्रोल हॉट हॅच रोजच्या वापरात लिटरला १२ देईल असं धरा. २०,००० किलोमीटरला १,६६७ लिटर. जीटीडीपेक्षा ५५६ लिटर जास्त, दर वर्षी. तीन-चार वर्षांत एखादं मोठं काम निघालं तरी तुम्ही पुढेच राहाल. डिझेल हॉट हॅचची तुलना साध्या गाडीशी केली तर ती खर्चिक आहे, वेगवान गाड्यांशी केली तर काटकसरी आहे. तुम्हाला वेगवान गाडी हवीच आहे का, एवढंच ठरवा. हवी असेल तर लाजू नका, घ्या. दिवसाचे ८० किलोमीटर जो माणूस गाडीत काढतो त्याला गाडी आवडलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आणि ती आवडेल. त्याच पिढीची २२० पीएसची जीटीआय शून्यावरून १०० ला साडेसहा सेकंदांत जाते, जीटीडीला साडेसात लागतात. सिग्नलवर हा फरक कळतो. हायवेवर ताशी ८० ने ट्रकच्या मागे असताना कळत नाही, कारण १,७५० आरपीएमलाच पूर्ण टॉर्क हातात असतो. गिअर न बदलता, इंजिनचा आवाज न चढवता गाडी पुढे निघते. या जातीच्या गाडीचं खरं सुख ते आहे. १९८२ मध्ये पहिली गोल्फ जीटीडी निघाली तेव्हा तिच्यात १.६ लिटरचं टर्बो डिझेल आणि फक्त ७० पीएस होते, तरी लोकांना ती आवडली होती.

मला लहानपणापासून अशा गाडीचं वेड आहे. ऑफिस चार किलोमीटरवर, पूर्ण शहरातून. सुट्टीच्या दिवशी बाजारहाट, महिन्यातून एखादी लांबची फेरी. डिझेल हॉट हॅच चांगल्या किमतीत मिळते आहे. घेऊ ना?

नको. तुमचं वेड मला समजतं, म्हणूनच इतक्या स्पष्टपणे सांगते.

२००९ नंतर युरोपात गाडीच्या धुरावरचा युरो ५ हा नियम आला आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ बसवणं जवळजवळ अपरिहार्य झालं. डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी जाळी. सिरॅमिकची, बारीक बोळकांड्यांची. इंजिनातून येणारी काजळी तिच्यात साठते आणि ती वेळोवेळी जाळून टाकावी लागते. गाडी हायवेवर बराच वेळ तापून चालली तर बरीचशी काजळी आपोआप जळत राहते. नाही चालली तर इंजिनचा कॉम्प्युटर स्वतः ते काम हाती घेतो. तो उशिरा जास्तीचं डिझेल मारतो, ते वाटेत जळून जाळीचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जळते. याला रिजनरेशन म्हणतात. त्याला इंजिन तापलेलं लागतं आणि सलग दहा-वीस मिनिटं चालणं लागतं.

तुमच्या चार किलोमीटरमध्ये डिझेल इंजिन धड तापतसुद्धा नाही. कुलंटचा काटा मधोमध आला तरी आतलं ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. रिजनरेशन सुरू होतं, तुम्ही ऑफिसात पोचता, किल्ली काढता, काम अर्धवट. संध्याकाळी पुन्हा तेच. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक वेळी न जळलेलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं.

आमच्या वर्कशॉपमध्ये अशीच एक गाडी आली होती. मालकीणबाईंची तक्रार एवढीच होती की डीपीएफचा दिवा सारखा लागतो. डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर. त्यांना वाटलं, मागच्या सर्व्हिसिंगला कोणी जास्त ओतलं. मी डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कागदावर सोडला. मधे काळा ठिपका राहिला आणि त्याच्याभोवती पातळ, पिवळट कडा पसरत गेली. वास घेतला तर सरळ डिझेलचा. ऑइल इतकं पातळ झालं होतं की बोटांत चोळल्यावर चिकटपणाच लागेना. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याच ऑइलच्या पातळ पदरावर तरंगतो. त्या बाईंची गाडी उत्तम होती, त्यांनी ती जपलीही होती. फक्त मुलांची शाळा आणि दुकान यापलीकडे ती कधी गेली नव्हती.

तुमच्यासाठी लहान टर्बो पेट्रोल हॅच बरी. तुमचे वर्षाचे किलोमीटर जेमतेम पाच-सहा हजार होतील, तेवढ्यात ॲव्हरेजच्या फरकाने वाचणारे लिटर हाताच्या खर्चाइतकेसुद्धा नाहीत. आणि डिझेलचीच ओढ असेल तर आधी महिन्यातली ती एखादी फेरी आठवड्याला एक होते का ते बघा.

विकणारा म्हणतो, "डीपीएफ काढून टाकला आहे, ईजीआर बंद केला आहे, रीमॅपही केलं आहे. आता कटकटच नाही, वर वीस-पंचवीस टक्के ताकद जास्त." हे खरंच फायद्याचं आहे का?

त्या गाडीपासून लांब राहा. ईजीआर म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी सोय, आणि रीमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं.

डीपीएफच्या आत जे अडतं ती काजळी श्वासात जाण्याइतकी बारीक असते. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये पहिल्या श्रेणीचा पुरावा धरून जाहीर केलं आहे. जाळी काढलेली गाडी सिग्नलवर उभी असते तेव्हा तिच्या सायलेन्सरच्या उंचीवर मागे कोण असतं? बाबागाडीतलं मूल. इंजिनवर इतकी वर्षं काम करूनही मला या एका गोष्टीत तडजोड पटलेली नाही.

कायद्याची बाजूही आहे. युरोपात जाळी काढलेली गाडी रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे. ब्रिटनमध्ये तर फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत डीपीएफ जागेवर आहे की नाही हे पाहतात आणि मुळात असलेला नसला की गाडी नापास. तुम्ही जिथे राहता तिथली तपासणी आज ढिली असली तरी पुढे ती कडकच होत जाणार, आणि तेव्हा ती गाडी तुमच्या दारात असेल.

उत्सर्जनाचा दर्जाही कागदावर तपासा. लंडनमध्ये २०१९ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये सगळ्या शहरभर पसरलेल्या कमी प्रदूषणाच्या विभागात रोजचं शुल्क न भरता फिरायला डिझेल गाडी युरो ६ लागते. पेट्रोलला मात्र युरो ४ चालते. असे नियम करणारी शहरं वाढत आहेत. युरो ५ आणि युरो ६ गाडीच्या किमतीत फरक दिसतो त्यामागे हेही एक कारण आहे.

नुसत्या रीमॅपबद्दल माझं मत थोडं मऊ आहे. चांगल्या हाताने, जाळीला हात न लावता केलेलं रीमॅप इंजिन सहसा सोसतं. क्लच आणि फ्लायव्हील सोसतीलच असं नाही. पण ते विकत घेणाऱ्याने स्वतः करावं, दुसऱ्याने केलेलं विकत घेऊ नये. कारण ज्याने केलं त्याने गाडी कशी पळवली, हे कळायला मार्ग नाही. आणि हो, विमा कंपनीला ते कळवलं होतं का, हेही विचारा.

जाळी काढली आहे हे विकणारा प्रत्येक वेळी सांगेलच असं नाही. सायलेन्सरच्या नळीत, इंजिन थंड असताना, बोट घालून आतल्या कडेवरून फिरवा. जाळी शाबूत असेल तर बोट जवळपास स्वच्छ येतं. काजळीने काळंकुट्ट झालं तर जाळी काढलेली आहे किंवा फुटलेली आहे. दोन्हींत गाडी सोडा.

या रविवारी गाडी बघायला जातो आहे. सोबत भाऊ येणार आहे, पण दोघांनाही इंजिनातलं फार कळत नाही. नेमकं काय बघायचं, क्रमाने सांगा.

फोनवरच सांगून ठेवा: आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिलं काम, बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर मालकाने काहीतरी लपवायला आधी तापवून ठेवली असण्याची शक्यता आहे. तेव्हा चहापाणी करून या, दोन तासांनी बघा, किंवा सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी.

थंड इंजिन सुरू करताना भावाला मागे सायलेन्सरपाशी उभं करा आणि तुम्ही बॉनेट उघडून पुढे थांबा. किल्ली मालकाला फिरवू द्या. चांगलं डिझेल एका दमात सुरू होतं. पहिले काही क्षण खडखड करतं, मग आवाज स्थिर होतो. लांबलचक क्रँकिंग, सुरू झाल्यावर इंजिन हेलकावणं, एखादा सिलिंडर चुकल्यासारखा ठेका, हे इंजेक्टर (डिझेल फवारणारे) किंवा ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे) बिघडल्याचं लक्षण. भावाने धुराचा रंग बघायचा. निळसर म्हणजे ऑइल जळतं आहे, टर्बो किंवा रिंगा. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतं आहे. पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा म्हणजे कुलंट आत शिरतं आहे. डीपीएफ असलेल्या गाडीतून काळा धूर येताच कामा नये.

आता कान लावायचं काम. गाडी न्यूट्रलला, क्लच सोडलेला. खालून लोखंडी डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो का? क्लच दाबल्यावर तो बदलतो का? मग इंजिन बंद करा आणि थांबता थांबता काय ऐकू येतं ते बघा. चांगली गाडी थोडी थरथरून गप्प होते. ड्युअल मास फ्लायव्हील गेलेलं असेल तर शेवटी एक दणका बसतो, सीटमध्येसुद्धा जाणवतो. या गाड्यांत टॉर्क इतका असतो आणि तो इतक्या खाली येतो की फ्लायव्हीलच्या स्प्रिंगांवर सतत मार बसतो. महागड्या कामांत हे पहिल्या नंबरचं, म्हणून दोनदा बंद-चालू करून ऐका.

चालवायला घेतलीत की गाडी पूर्ण तापू द्या. मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमच्या आसपास असताना पाय पूर्ण दाबा. वेग आणि आरपीएम एकत्र चढले पाहिजेत. आरपीएम झटकन वर गेला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतो आहे. जोर चढताना मोठ्याने फुसफुस ऐकू आली तर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या एखाद्या पाइपाला चीर असेल, तो खर्च लहान आहे. पण गाडी मधेच एकदम दम सोडून मंद झाली आणि बंद करून पुन्हा सुरू केल्यावर बरी झाली, तर टर्बोच्या व्हेन्स, म्हणजे आतल्या हलत्या पात्या, अडकत असाव्यात. तो खर्च लहान नाही.

परत आल्यावर इंजिन चालू असतानाच ऑइल ओतायचं झाकण सैल करून बघा. थोडी वाफ चालते, धाप लागल्यासारखे धुराचे झोत चालत नाहीत. इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघा. ऑइल काळं असणारच, डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं होतं, त्याने घाबरू नका. पातळी वरच्या खुणेच्या वर आहे का, ते बघा.

टायर चारही एका कंपनीचे आणि सारख्या झिजेचे आहेत का? अशी गाडी ठेवणारा माणूस कसा आहे हे मला टायरवरून जितकं कळतं तितकं त्याच्या बोलण्यावरून कळत नाही. पुढे दोन वेगवेगळ्या स्वस्त कंपन्यांचे टायर असतील तर ऑइलमध्येही त्याने तसाच हात आखडला असणार. फोक्सवॅगन घराण्याच्या डीपीएफवाल्या डिझेलला ५०७.०० दर्जाचं ऑइल लागतं, कारण त्यात राख कमी होते. काजळी जळते, राख जळत नाही. ती जाळीत कायमची बसते आणि शेवटी जाळीच बदलावी लागते. सर्व्हिसच्या बिलावर हा आकडा शोधा. नुसता "ऑइल बदललं" असा शिक्का पुरेसा नाही.

टायमिंग बेल्ट वॉटर पंपासकट कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरून तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा. तोंडी आश्वासनावर बेल्ट सोडायचा नसतो, तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

हे सगळं मनासारखं निघालं तरच स्कॅनर असलेल्या मेकॅनिकला थोडे पैसे देऊन बोलवा. त्याला फक्त "एरर बघ" म्हणू नका. डीपीएफमध्ये काजळी किती, राख किती, शेवटचं रिजनरेशन किती किलोमीटरपूर्वी पूर्ण झालं, आणि चारही इंजेक्टरची करेक्शन (कॉम्प्युटर प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करतो तो आकडा) किती, एवढं वाचून दाखवायला सांगा. दर थोड्या किलोमीटरला रिजनरेशन होत असेल तर जाळी भरत आली आहे. चारांतला एकच इंजेक्टर बाकीच्यांपासून फार वेगळा असेल तर त्याचे दिवस भरले आहेत. आणि सगळे एरर आजच पुसलेले दिसले, तर का पुसले हे मालकाला तोंडावर विचारा.

एक गाडी नऊ वर्षांची, फक्त ४५,००० किलोमीटर. दुसरी सहा वर्षांची, १,४०,०००. किंमत जवळपास सारखी. पहिली घ्यावी असं घरच्यांचं म्हणणं.

घरच्यांचा सल्ला पेट्रोलसाठी चांगला आहे. डिझेलमध्ये नऊ वर्षांत ४५,००० म्हणजे ती गाडी मुख्यतः शहरात, थंड इंजिनावर, छोट्या फेऱ्यांत गेली. जाळी, ईजीआर आणि टर्बो या तिघांनाही तेच सोसत नाही. दुसरीचे किलोमीटर हायवेचे असतील, बिलं पूर्ण असतील, तर मी दुसरी घेईन. हायवेचे किलोमीटर ओळखायचे असतील तर पुढच्या बंपरवर आणि बॉनेटच्या कडेला बारीक खड्यांचे टवके बघा. ते भरपूर असावेत, आणि ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड मात्र कमी झिजलेली असावी. शहरात माणूस दिवसातून दहा वेळा चढ-उतार करतो, ती कड लवकर जाते.

डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी, घ्यावी का? लोक घाबरवतात.

लोक ज्या गिअरबॉक्सबद्दल घाबरवतात तो बहुतेक वेळा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा असतो. तो २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या इंजिनांसाठी आहे, त्यामुळे जीटीडीसारख्या गाडीत तो बसतच नाही. तिच्यात ओल्या क्लचचा असतो, जुन्या गाड्यांत सहा गिअरचा. तो दणकट आहे, अट एकच: सहा गिअरच्या त्या गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदललेलं हवं. दोन बिलं दिसली नाहीत तर १,२०,००० ची डीएसजी घेऊ नका.

डीपीएफ नसलेली जुनी पण वेगवान डिझेल आहे का एखादी?

आहे. पहिल्या पिढीची स्कोडा फाबिया व्हीआरएस, २००३ ते २००७. १.९ लिटर, १३० पीएस, ३१० न्यूटन मीटर, सहा गिअर. कारखान्यातूनच जाळी नसलेली. मला ही गाडी मनापासून आवडते. पण आता तिचं सर्वात लहान भावंडही वयस्क झालं आहे. गंज बघावा लागतो, आणि त्या जातीच्या इंजिनात इंजेक्टर कॅमशाफ्टवरून दाबले जातात, त्यामुळे चुकीचं ऑइल वापरलेलं असेल तर कॅमचे लोब झिजतात. तिथे ५०५.०१ दर्जाचं ऑइल हवं. लंडनसारख्या शहरांचे नवे नियम ती पाळू शकणार नाही. हौस म्हणून, दुसरी गाडी म्हणून घ्या. रोजच्या ऑफिसला नको.

मागच्याच महिन्यात वापरलेली डिझेल हॉट हॅच घेतली. कधी कधी घरी पोचून बंद केल्यावरही पुढचा पंखा जोरात फिरत राहतो आणि जळकट वास येतो. फसलो का?

फसला नाहीत. रिजनरेशन चालू असताना तुम्ही इंजिन बंद केलंत, एवढंच. तापलेल्या भागांना थंड करायला पंखा फिरतो. पुढच्या वेळी गाडी चालू असतानाच ओळखायला शिका: थांबल्यावर आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला आरपीएम, नेहमीपेक्षा किंचित वर असतो, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, डॅशबोर्डवरचा त्या क्षणाचा ॲव्हरेज उगीच पडलेला दिसतो, आवाज जरा घोगरा होतो. असं जाणवलं आणि हाताशी वेळ असला तर घराकडे वळू नका. मोकळ्या रस्त्यावर एक गिअर खाली ठेवून, २,००० च्या वर आरपीएम राखत आणखी दहा-पंधरा मिनिटं चालवा. आयडल खाली आला की काम झालं. कधीतरी एखाद वेळी अर्धवट राहिलं तर बिघडत नाही, गाडी पुढच्या फेरीत पुन्हा प्रयत्न करते. मात्र सलग पुष्कळदा तसं झालं असेल तर डिपस्टिक काढून बघा, आणि पातळी वर गेलेली दिसली तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न बघता ऑइल बदलून घ्या.